घाला तो पर्सनल ब्रँड चुलीत!

"सर, तुमचा पर्सनल ब्रँडच दिसत नाही हो."

वय काय असेल माझी मुलाखत घेणाऱ्या त्या पोराचं? मिसरूड नीट फुटलेलं नाही आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एसी केबिनमध्ये बसून मला हे ऐकवतंय. माझी फाइल समोर होती. ब्लो होलचं, म्हणजे ओतकामात हवा अडकून पडणाऱ्या पोकळ्यांचं, रिजेक्शन सात टक्क्यांवरून दोनवर कसं आणलं त्याचा महिन्यावार ग्राफ, दोष मुळापासून काढल्याचे एट-डी रिपोर्ट, नवा पार्ट कस्टमरकडनं मंजूर करून घ्यायची पीपीएपीची कामं, कस्टमर ऑडिटचे शेरे, सगळं लेकीनं रात्री बसून प्लास्टिकच्या कव्हरात घालून दिलेलं. ह्या पठ्ठ्यानं ती उघडली नाही. बाजूला सरकवली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. कप! माझ्या सगळ्या नोकरीवर गोल डाग पडला, आणि साहेब लॅपटॉपवर माझं लिंक्डइन बघतायत.

म्हणे लास्ट पोस्ट २०१९ ची आहे, तीही दिवाळीच्या शुभेच्छांची. म्हणे फोटो प्रोफेशनल नाही. नाहीच्चाय. जोतिबाच्या यात्रेतला आहे, कानात गुलाल आहे, आणि मित्राला फोटोतून कापला तरी त्याचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिलाय. म्हणून काय मला कास्टिंगमधलं श्रिंकेज, लोखंड थिजताना आकसून पडलेला दोष, दिसायचं बंद झालं? शेजारी प्लँट हेड बसलेले, पिकल्या केसांचे, उभी हयात मोल्डिंगच्या वाळूत गेलेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्यांना सगळं कळत होतं, पण त्या पोरापुढं तोंड उघडायची टाप नाही. आणि वर शेवटचा शेरा: "थॉट लीडरशिप थोडी कमी वाटतेय." म्हणजे मी धंद्यातलं ज्ञान जगाला पाजळत नाही. अरे मर्दा, चौदाशे डिग्रीचं लोखंड ओततात तिथं माणसाच्या डोक्यात एकच थॉट असतो, आपला पाय कुठं आहे!

बरं, पोस्ट टाकायची कशाची? ह्याच कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीनं आत सोडताना माझ्या मोबाईलच्या पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला होता. ड्रॉइंग कस्टमरचं, पॅटर्न कस्टमरचा, डिफेक्टचा फोटो बाहेर गेला तर घरी पाठवतात. आणि कामाचं काहीच बाहेर दिसलं नाही, तर हा म्हणणार ब्रँड नाही. मग टाकू काय? स्टिकरचा फोटो?

उठताना म्हणाला, "कोल्हापूर साइडचे कँडिडेट्स जरा शाय असतात." हे ऐकून माझं डोकं फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही. आम्ही आणि शाय? ये की पुण्यास्नं एकदा वाढदिवसाच्या सीझनला. दसरा चौकापासून मिरजकर तिकटीपर्यंत चालत ये आणि फ्लेक्स मोज. गल्लीतल्या ज्या पोरानं आयुष्यात एक अर्ज धड भरलेला नाही, त्याचा गॉगल घातलेला वीस फुटी फोटो, खाली चाळीस शुभेच्छुकांची मुंडकी, आणि वर 'युवकांचे प्रेरणास्थान'. थॉट लीडर, नेटवर्क, पर्सनल ब्रँड, सगळं एका बांबूला बांधलेलं. लिंक्डइन २००३ साली सुरू झालं. त्याच्या आधीपासून आम्ही हे भोगतोय.

आणि आता विषय निघालाच आहे तर तो माझा जुना सहकारी. नाव घेत नाही, त्याची तेवढीपण जाहिरात नको. ते रिजेक्शन कमी करायचं काम चालू होतं तेव्हा हा नाइट शिफ्टला स्टोअरमध्ये पोती टाकून झोपायचा. काम झाल्यावर ह्यानं पोस्ट लिहिली. प्रत्येक वाक्यानंतर एक ओळ मोकळी. 'रिजेक्शननं मला आयुष्य शिकवलं.' पंधरा-वीस जणांना टॅग, त्यात कँटीनवाला मामा होता, मी नव्हतो! आज तो चाकणला आहे, माझ्या दीडपट पगारावर, आणि दर सोमवारी लीडरशिपवर लिहितो.

मेव्हण्यानं वर मीठ चोळायला एका करिअर कोचचं पोस्टर पाठवलंय. ताराबाई पार्कातल्या हॉटेलात एक दिवस, चार हजार नऊशे नव्व्याण्णव, जेवणासह. 'स्वतःची स्टोरी विकायला शिका.' चौकशी केली तर कोचसाहेबांची शेवटची नोकरी कधी सुटली ते कुणालाच सांगता येईना. कोच होणं हीच नोकरी. जेवणात तांबडा-पांढरा असता तर मी कदाचित गेलोही असतो. पनीर आहे म्हणे.

आमच्याकडं ओळखीचं काय व्हायचं? खासबागेत पैलवान उतरला की लोक विचारायचे, कुणाचा पठ्ठा? वस्तादाचं नाव सांगितलं की झालं. वस्ताद पण असा-तसा नाव लावू द्यायचा नाही, कारण पोरगं पडलं तर इभ्रत त्याची जायची. मला पहिली नोकरी अशीच लागली. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, फोन केला, "पोरगं कामाचं आहे, लावून घे." पाच शब्द. हॅशटॅग नाही. आता ते मिस्त्री नाहीत, त्या फाउंड्रीचा मालक नाही, आणि त्याच्या पोरानं एचआर बाहेरनं आणलाय.

ह्यावर आमचा एमबीए मावसभाऊ मला समाजशास्त्र शिकवतो. म्हणे ग्रॅनोव्हेटर नावाच्या माणसानं १९७३ सालीच लिहून ठेवलंय, की नोकऱ्या जिवलग मित्रांकडनं कमी आणि लांबच्या ओळखीतनं जास्त लागतात. मान्य. कट्ट्यावरच्या माझ्या मित्रांना जे माहीत असतं ते मलाही माहीतच असतं. पण भावा, त्यानं विचारलेली माणसं बॉस्टनजवळच्या एका गावची होती आणि त्यातलं कुणी रोज सकाळी मोटिव्हेशन टाकत नव्हतं. आणि पुढचंही वाच की! २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्याच दोन कोटी लोकांवरचा अभ्यास आलाय. लांबच्या ओळखींचा फायदा दिसला तो जास्त डिजिटल धंद्यांत. जिथं धंदा कमी डिजिटल, तिथं जवळच्याच ओळखी कामाला आल्या. आता फाउंड्री कुठल्या खान्यात बसते ते मी सांगायला पाहिजे का? हे मी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यानं अंगठा दाखवला.

तर एवढं सगळं बोलून मी काल रात्री काय केलं? प्रोफाइल नीट करायला बसलो. लग्नातला ब्लेझर काढला, बटण लागेना, म्हणून लेकीनं छातीच्या वर फोटो काढला. बायको दारातनं म्हणाली, "अहो, आधी दाढी तरी करा." हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात. मी 'क्वालिटी इंजिनिअर, फाउंड्री' एवढं लिहून बसलो, उरलेल्या जागेत काय भरायचं कळेना. लेकीनं एआयला विचारलं, तर त्यानं मला 'पॅशनेट' आणि 'व्हिजनरी' करून टाकलं. व्हिजनरी! चष्म्याचा नंबर मागच्याच महिन्यात वाढलाय माझा. तरी ते ठेवलं. मग दर दहा मिनिटांनी फोन बघत बसलो, शाळेतल्या पोरागत. पहिली कॉमेंट मामांची: 'अभिनंदन, कुठे लागली?' दुसरी रिक्वेस्ट एका सिंगापूरच्या सुंदर बाईची, तिला माझा क्रिप्टोमधला अनुभव आवडलाय.

आज सकाळी मात्र अभिनंदनांचा पाऊस. 'काँग्रॅट्स ऑन युवर वर्क ॲनिव्हर्सरी.' कसली ॲनिव्हर्सरी? ज्या कंपनीनं मला दिवाळीच्या तोंडावर 'कॉस्ट कटिंग' म्हणून घरी बसवलं, तिची तारीख मी प्रोफाइलवरनं काढायची राहिली. पहिलं काँग्रॅट्स कुणाचं होतं? ज्या साहेबानं ते पत्र माझ्या हातात दिलं त्याचंच. वर टाळ्यांची इमोजी. निर्लज्जपणाला काही मर्यादा!

मी उत्तर दिलं: 'थँक यू सो मच सर.' गोकुळ शिरगावात त्यांच्या साडूची फाउंड्री आहे.