रॉड बदलल्यावर चाकाखाली वाकून बघा

गाडीची उंची वाढवायची तर एअर सस्पेन्शन (हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) काढून कॉइल स्प्रिंग (लोखंडी वेटोळ्या स्प्रिंगा) टाका, हा लेखातला सल्ला काही पटला नाही. लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ सारख्या एअर सस्पेन्शनच्या गाडीत हाइट सेन्सरचे (गाडी किती उंच आहे ते मोजणारे सेन्सर) रॉड बदलून वेगळ्या लांबीचे लावले की गाडी खाली बसलीय असं ईसीयूला (गाडीच्या कंट्रोल कॉम्प्युटरला) वाटतं. मग तो एअर स्प्रिंगमध्ये जादा हवा भरतो आणि गाडी उचलली जाते. मी तेच केलंय, साधारण ४० मिमी मिळाले. पण चाकाला खाली लोंबायला जागा कमी उरते, खड्ड्यातून जाताना ‘ठक्’ होतं आणि सीव्ही जॉइंटचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा वळणारा सांधा) कोन वाढतो. माझ्या गाडीचा पुढचा डावा बूट (या सांध्यावरचं ग्रीस भरलेलं रबरी आवरण) फाटला तेव्हा रिमच्या आतून सगळीकडे ग्रीस उडालं होतं. आणि हो, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लगेच करा, नाहीतर टायर एका कडेने झिजतात.