बंपरच्या कामाला दोन दिवस का लागले

नमस्कार सर,

दोन दिवस गाडीविना तुमची अडचण झाली आणि शिवाय बंपरच्या कोपऱ्याचा रंग सुटला, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण तुमच्या रिव्ह्यूतलं 'उकळतं पाणी ओतून दहा मिनिटांत निघणारा पोचा, उगाच गाडी अडकवून ठेवली' हे वाक्य फार लागलं. ते वाचून येणारं गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल, म्हणून सविस्तर सांगतो.

उकळत्या पाण्याने पोचा निघतो, हे खरं आहे. मात्र तो उथळ, गोलसर हवा आणि प्लॅस्टिकला घडी पडलेली नको. तुमच्या बंपरला फॉग लॅम्पखाली सरळ घडी होती आणि तिच्यावरच्या रंगाला बारीक तडे गेले होते. पाणी 100 अंशांपर्यंतच तापतं आणि बंपरवर पडताच निवतं. अशा घडीला आतून हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) लागते, तीही सतत फिरती. एका जागी धरली तर बंपरचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, साधारण 160 अंशांना वितळतं, मग बंपर गेलाच. मऊ झाल्यावर लाकडी ठोकळ्याने दाबून, ओल्या फडक्याने पूर्ण गार होईपर्यंत धरून ठेवायचं. आधी सोडलं की घडी परत वर येते. एवढं काम तासाभराचंच, मान्य.

वेळ गेला तो पुढे. बंपर उतरवल्यावर हेडलाइटखालचा, बंपर अडकवायचा लॉक तुटलेला निघाला. त्याचा फोटो तुम्हाला तेव्हाच पाठवला होता. तो तसाच सोडला असता तर फेंडरपाशी फट राहिली असती. साधा गोंद या प्लॅस्टिकला धरत नाही. तड्याला खाच पाडून त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या कांडीने दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करावं लागतं. मग घासणं, प्लॅस्टिक प्रायमर, लवचिक लांबी (पुट्टी), सरफेसर (रंगाआधीचा सपाट करणारा थर), बेस कोट (रंगाचा थर), क्लिअर (वरचा पारदर्शक थर). प्रत्येक हातानंतर थांबावंच लागतं. आतला थिनर उडायच्या आत वरचा हात मारला तर तो खाली कोंडतो आणि पुढे रंगाला फोड येतात. थांबलो ते यासाठी.

आता कोपऱ्याचं. गाडी देताना काही आठवडे प्रेशर वॉशर मारू नका, असं सांगितलं होतं, बिलावरही लिहिलं होतं. तिसऱ्याच दिवशी वॉशिंग सेंटरला धुतल्याचं तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. कोवळ्या रंगाच्या कडेवर जवळून फवारा बसला की पाणी थराखाली शिरतं. तुमच्या फोटोतही रंग कडेलाच सुटलाय, मधल्या भागात कुठेच नाही. तुम्हाला दोष देण्याचा हेतू नाही, पण ही गोष्ट रिव्ह्यूत यायला हवी होती.

यापुढे बंपर उतरवून पाहिल्यावरच वेळ सांगायची, असं कारागिरांशी बोललो आहे. कोपरा आम्ही पैसे न घेता पुन्हा करून देऊ. फक्त गाडी एक रात्र आमच्याकडे राहू द्या, त्याच संध्याकाळी मागू नका.