चाखायला एक, डब्यात भलतंच

दर वेळी हेच! पणजीच्या मार्केटात गेलं की काउंटरवाला सुरीच्या टोकावर बेबिंक्याचा, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या गोड केकचा, तुकडा पुढे करतो, घ्या ताई खाऊन बघा, आणि तो तुकडा खरंच भारी असतो, थर सुटसुटीत, तुपाने चकचकीत, जायफळाचा मस्त वास, म्हणून आपण अर्धा किलो मागतो आणि तो मागच्या फळीवरचा सीलबंद डबा हातात ठेवतो. घरी उघडला की थर एकमेकांना चिकटून गोळा झालेले, आणि तूप कसलं, टाळूला चिकटणारा डालडा. अरे मग चाखायला दिलंत ते कुठंय?? परवा म्हटलं ह्याच्यातलाच कापून द्या, तर म्हणे तो विकायचा नाही. विकायचा नाही तर चाखवता कशाला!

नारळाचं दूध, अंड्यातलं पिवळं, एक थर वरच्या आचेवर भाजून तांबूस झाला की मगच दुसरा, असे निदान सात, अख्खी दुपार जाते करणाऱ्या बाईची. 2023 ला जीआय टॅग, म्हणजे गोव्याचाच पदार्थ अशी सरकारी ओळख, मिळालाय ह्याला! आणि डब्यावरची तारीख बघावी तर नेमकं तिथंच किमतीचं स्टिकर, नखाने खरवडून काढावं लागतं.