किलोला ॲव्होगाड्रोने गुणलं की शरीरातले अणू मिळत नाहीत

‘तुमचं वजन किलोत घ्या, ६.०२२ × १०^२३ ने गुणा, की वजन डाल्टनमध्ये आलं. डाल्टन म्हणजे एक प्रोटॉन, म्हणजे एक अणू. तेव्हा तुमच्या शरीरात तेवढे अणू आहेत. वजन पौंडात असेल तर आधी निम्मं करा. २०१९पासून हा आकडा कायमचा ठरवला असल्यामुळे उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बिनचूक.’ हा मजकूर थोड्याफार फरकाने पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये फिरतो आणि तिथून प्रकल्पाच्या वह्यांत उतरतो. त्यातली प्रत्येक पायरी कुठे ना कुठे चुकते. ६.०२२ × १०^२३ हा ॲव्होगाड्रोचा आकडा आणि डाल्टन हे अणूंचं वस्तुमान मोजायचं एकक, एवढं ध्यानात ठेवून एकेक विधान घेऊ.

‘किलोला ६.०२२ × १०^२३ ने गुणा’

दहाचा तेविसावा घात ग्रॅमसाठी आहे. किलोसाठी सव्विसावा घात लागतो: १ किलो = ६.०२२१४ × १०^२६ डाल्टन. उत्तर थेट हजारपट कमी येतं, आणि एवढ्या मोठ्या संख्येत ते डोळ्यांना जाणवतही नाही. पडताळा सोपा आहे. १ डाल्टन = १.६६०५४ × १०^-२७ किलो. हे दोन आकडे एकमेकांना गुणले की १ यायला हवा. १०^२३ वापरलात तर ०.००१ येतो, चूक तिथेच सापडते.

७० किलोचे होतात ४.२१५ × १०^२८ डाल्टन. आपल्या जुन्या गणनेत परार्ध म्हणजे १०^१७. त्या हिशेबाने हे सुमारे ४२ हजार कोटी परार्ध.

‘पौंड असतील तर निम्मे करा’

१९५९च्या आंतरराष्ट्रीय करारापासून १ पौंड म्हणजे तंतोतंत ०.४५३५९२३७ किलो. १५४ पौंडांचे होतात ६९.८५ किलो, म्हणजे ४.२०७ × १०^२८ डाल्टन. निम्मे केले तर ७७ किलो धरले जातात आणि उत्तर दहा टक्क्यांनी फुगतं. ब्रिटनमधले नातेवाईक वजन स्टोनमध्ये सांगतात; १ स्टोन = १४ पौंड, म्हणून ११ स्टोन म्हणजे हेच १५४ पौंड. आधी किलो करून घ्या, मगच घाताला हात लावा.

‘डाल्टन म्हणजे एक प्रोटॉन, म्हणजे एक अणू’

सगळ्यांत मोठा घोटाळा इथे आहे, आणि तो एक नाही, दोन आहेत.

पहिला: डाल्टन हे प्रोटॉनचं वस्तुमान नव्हे. कार्बन-१२ या समस्थानिकाच्या (कार्बनच्या एका प्रकाराच्या) एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे डाल्टन. प्रोटॉन १.००७२८ डाल्टनचा असतो आणि न्यूट्रॉन १.००८६६ डाल्टनचा. मग सहा प्रोटॉन, सहा न्यूट्रॉन आणि सहा इलेक्ट्रॉन मिळून बरोबर १२ कसे होतात? सुटे सुटे मोजले तर बेरीज १२.०९८९ येते. ते एकत्र येऊन अणू बनतो तेव्हा त्यांना बांधून ठेवणारी बंधनऊर्जा बाहेर पडते आणि तेवढं वस्तुमान कमी होतं. हा ०.०९८९ डाल्टनचा फरक गणितातली चूक नाही. अणू टिकून राहतो तो त्याच्यामुळेच. जुन्या पुस्तकांत ‘अणुवस्तुमान एकक’ ऑक्सिजनवर बेतलेलं सापडेल. कार्बन-१२चा आधार १९६१ साली आला, त्यामुळे त्याआधीचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

दुसरा: शरीरातला प्रत्येक अणू एक डाल्टनचा नसतो. ७० किलोच्या प्रमाण शरीरात सुमारे ४३ किलो ऑक्सिजन, १६ किलो कार्बन, ७ किलो हायड्रोजन आणि १.८ किलो नायट्रोजन धरतात. प्रत्येकाचे ग्रॅम त्याच्या अणुभाराने भागा आणि ६.०२२ × १०^२३ ने गुणा (इथे ग्रॅम आहेत, म्हणून तेविसावा घात योग्य). हायड्रोजनचे ४.२ × १०^२७ अणू येतात, ऑक्सिजनचे १.६ × १०^२७, कार्बनचे ०.८ × १०^२७, नायट्रोजनचे ०.०८ × १०^२७. कॅल्शियम, फॉस्फरस वगैरे धरून एकूण सुमारे ६.७ × १०^२७. डाल्टनचा आकडा याच्या सहापटीहून थोडा जास्त आहे, कारण शरीरातला सरासरी अणू साधारण ६.३ डाल्टनचा आहे. पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा आणि त्यात अणू तीन, म्हणजे सरासरी सहा. शरीरात बहुतांश पाणीच असल्यामुळे आकडा त्याच्या आसपास येणार, हे ताळा म्हणून लक्षात ठेवण्यासारखं आहे.

डाल्टनचा आकडा कशाच्या जवळ जातो, तर शरीरातल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या एकूण संख्येच्या. नुसते प्रोटॉन मोजले तर सुमारे २.३ × १०^२८ भरतात.

‘२०१९पासून उत्तर बिनचूक’

२० मे २०१९पासून ॲव्होगाड्रो स्थिरांक ६.०२२१४०७६ × १०^२३ असा ठरवून दिला आहे, हे खरं. पण तो एका मोलमधल्या (मोल हे पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) कणांची संख्या सांगतो. डाल्टन अजूनही कार्बन-१२च्या अणूवरच बेतलेला आहे आणि किलोग्रॅम क्वांटम भौतिकीतल्या प्लांकच्या स्थिरांकावर. त्यामुळे किलोमागे डाल्टन किती, हे आजही प्रयोगाने मोजावं लागतं. अनिश्चितता दहा अब्जांत काही भागांची, म्हणजे घरच्या कामाला नगण्य. पण ‘शेवटच्या अंकापर्यंत’ हा दावा तिथेच कोसळतो.

खरी अडचण मात्र काट्यात आहे. घरचा वजनकाटा १०० ग्रॅमपर्यंत दाखवतो, आणि १०० ग्रॅम म्हणजे ६ × १०^२५ डाल्टन. शिवाय शरीर हवा बाजूला सारतं, त्या प्लावक बलामुळे ७० किलोच्या माणसाचं वजन सुमारे ७० ग्रॅम कमी दिसतं. स्प्रिंगचा किंवा लोड सेलचा (इलेक्ट्रॉनिक संवेदकाचा) काटा बल मोजतो. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यात गुरुत्वत्वरण अर्ध्या टक्क्याने बदलतं, म्हणून असा काटा वापरायच्या ठिकाणीच प्रमाणित केलेला हवा.

तेव्हा ७०.० किलोचं उत्तर ४.२२ × १०^२८ डाल्टन एवढंच लिहा. चौथा अंक हवा असेल तर १० ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि हवेची दुरुस्ती दोन्ही लागतील. त्या अंकातलं एक पाऊल जेमतेम १७ ग्रॅमचं आहे, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातूनही श्वास आणि त्वचेवाटे तासाला साधारण ३० ते ४० ग्रॅम पाणी निघून जातं.