पंधरावी खुर्ची कोणाची?

दर ऑक्टोबरात एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, संघ शेवटची नावं कापायला बसले की तोच वाद पेटतो. बेंचवरची पंधरावी, म्हणजे संघातली शेवटची, जागा कोणाला द्यायची? बारा वर्षं लीगमध्ये मुरलेल्या, पण आता पाय जड झालेल्या खेळाडूला, की पुढे काय होईल कोणालाच ठाऊक नसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला?

या वादात मला एक माणूस कायम हरवलेला दिसतो. वय सत्तावीस-अठ्ठावीस. तीन-चार संघांनी घेऊन सोडलेला, जी लीगमध्ये (एनबीएच्या खालच्या लीगमध्ये) घाम गाळलेला. त्याला होतकरू म्हणायचं वय गेलेलं असतं, आणि अनुभवी म्हणावं इतकं नाव झालेलं नसतं. माझं स्पष्ट मत आहे, ती जागा त्याची.

गॅरी पेटन (दुसरा) हा खेळाडू आठवून बघा. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) त्याला कोणीच निवडलं नाही. पुढची पाच वर्षं छोटे छोटे करार. ऑक्टोबर २०२१ मध्ये गोल्डन स्टेट या संघानेही त्याला सोडलं आणि काहीच दिवसांत परत बोलावून शेवटची जागा दिली. त्या हंगामात तो ७१ सामने खेळला. समोरच्या संघाच्या सर्वात धोकादायक गार्डला चिकटायचं आणि चेंडू हातात नसताना बास्केटकडे धाव घ्यायची, एवढंच काम. पण ते काम त्याला त्याच दिवशी येत होतं, दोन वर्षांनी येणार नव्हतं. त्याच संघात २०२० च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला वाइजमन गुडघ्याच्या दुखापतीमुळे हंगामभर बाहेर होता. २०२१ च्या पहिल्या फेरीतले कुमिंगा आणि मूडी संघात होते, गुणी होते, पण अंतिम मालिकेत त्यांच्या वाट्याला मोजकीच मिनिटं आली.

यात पोरांचा दोष नाही, हे मला ठासून सांगायचंय. विशीतला खेळाडू वाढतो तो खेळून. टाळ्या वाजवत बसून कोणी वाढत नाही. त्यासाठीच तर टू-वे करार आहेत, ज्यात खेळाडू मुख्य संघ आणि जी लीग दोन्हीकडे खेळू शकतो; २०२३-२४ पासून प्रत्येक संघाला असे तीन. मायामीने डंकन रॉबिन्सनला २०१८-१९ मध्ये सू फॉल्सच्या जी लीग संघात भरपूर खेळवलं, आणि पुढच्याच हंगामात त्याने एनबीएत २७० थ्री (तीन गुणांचे बास्केट) मारले. तो वर्षभर मायामीच्या बेंचच्या टोकाला बसला असता तर? मला नाही वाटत हे घडलं असतं.

ज्येष्ठांबद्दल बोलताना मात्र मी अडखळतो. युडोनिस हॅस्लम मायामीत २० हंगाम राहिला, शेवटची काही वर्षं जवळपास न खेळता, आणि त्या ड्रेसिंग रूममध्ये त्याचा शब्द चालायचा. अशा माणसाची किंमत आकड्यांत येत नाही. पण असा हॅस्लम एखाद्याच संघाला लाभतो. बाकीचे 'पोरांना शिकवेल' म्हणून एक थकलेला खेळाडू आणतात आणि जानेवारीत दोन जण जखमी झाले की त्याला पंधरा मिनिटं पळवता येत नाही. पैशांचं कारणही फारसं टिकत नाही. अनुभवी खेळाडूने एका वर्षासाठी किमान पगाराचा करार केला की ठरावीक रकमेच्या वरचा पगार संघाऐवजी लीग भरते. म्हणजे चाळिशीकडे झुकलेला घ्या की अठ्ठावीसचा, संघाच्या हिशोबात जवळपास सारखंच. मग निवड खेळावरच व्हायला हवी ना?

मे २०२२ मध्ये मेम्फिसविरुद्ध पेटनचं कोपर मोडलं. महिन्याभरात, अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात, तो परत उतरला आणि २५ मिनिटं खेळला. तो मैदानात आला तेव्हा घरचं प्रेक्षागृह उभं राहिलं होतं. आठ महिन्यांपूर्वी त्याच संघाने त्याचं नाव यादीतून खोडलं होतं.