'दोन दिवसांचा तर प्रश्न आहे'

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीन जणांनी टाकला. तिन्हींवर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण होती, म्हणजे मुलुंडला पोचेपर्यंत तो बराच फिरून आला असणार. मजकूर थोडक्यात असा: परदेशी माणसांना विमानतळावर किंवा तात्पुरत्या केंद्रात अडवून ठेवतात ते जेमतेम एक-दोन दिवस. तिथे कॅमेरे असतात, अधिकारी असतात. तरी 'बाहेरच्या लोकांनी येऊन पाहणी केली पाहिजे' म्हणून काही मंडळी गळा काढतात. ही परदेशातली थेरं आहेत, आपल्या पैशाने घुसखोरांचे लाड. आणि कुणाला खरंच त्रास झाला असेल, तर तो तक्रार करेलच की!

मी सोडून देणार होते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खाली 'अगदी बरोबर' असं लिहिलं, आणि काका काही उगाच अंगठे दाखवणारे नाहीत. शिवाय त्यांना ठाऊक नाही की मी बरीच वर्षं सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, एका विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफमध्ये होते. देशात प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला आम्ही 'इनॅड' म्हणायचो. इनॅड आला की त्याचं खाणंपिणं आणि परतीचं विमान, दोन्हीची जबाबदारी त्याला घेऊन आलेल्या कंपनीची. म्हणजे पाळीवर जो असेल त्याची.

तेव्हा 'तक्रार करेलच की' इथूनच सुरुवात करते.

एका पावसाळी रात्री एक बाई आल्या, कडेवर तान्हं मूल. कागदात काहीतरी खोट होती, परत पाठवायचं ठरलं. पण दुसऱ्या दिवशीचं विमान रद्द झालं. एका रात्रीच्या दोन झाल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती. मुलाला काय हवं ते त्या हाताने दाखवत होत्या आणि आम्ही सँडविच नेऊन देत होतो. मूल सात-आठ महिन्यांचं असेल. रजिस्टरमध्ये मात्र प्रत्येक वेळेपुढे 'जेवण दिले' आणि सही. त्यातल्या दोन सह्या माझ्या, आणि एक तर मी पाळी संपताना पुढच्या वेळेचीही करून टाकली होती, कारण लोकल पकडायची होती. त्या बाई गेल्या. तक्रार आली नाही. येणार कशी? कुणाकडे करायची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि घरी पोचल्यावर मुंबईच्या एका खोलीबद्दल कुठल्या भाषेत कुठे लिहायचं? रजिस्टर उघडून पाहणाऱ्याला सगळं व्यवस्थित दिसलं असतं.

तुरुंगातला कैदी महिनोन्‌महिने असतो. त्याला वॉर्डन कोण, साहेब कधी येतात, वकील कुठे भेटतो हे कळत जातं. तात्पुरत्या खोलीत रोज रात्री नवी माणसं येतात. कालचा माणूस आज नसतो, म्हणून कालची गोष्टही आज नसते. मुक्काम जितका छोटा, तितकं आतून बाहेर काही येण्याची शक्यता कमी. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वाटतं, कमी वेळ म्हणजे कमी काळजी. मला नेमकं उलटं दिसलं.

आता 'एक-दोन दिवस'. नियमात तेवढेच असतात, हे खरं. इंग्लंडच्या केंट परगण्यात मॅन्स्टन नावाचा जुना लष्करी तळ आहे. २०२२ च्या सुरुवातीला तिथे छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून आलेल्यांसाठी केंद्र उघडलं. नोंदणी करायची आणि २४ तासांत पुढे पाठवायचं, असा हिशेब. जागा फार तर १६०० जणांची. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे ४००० च्या आसपास माणसं होती, तंबूंत. घटसर्पाचे रुग्ण निघाले. नोव्हेंबरमध्ये तिथून रुग्णालयात नेलेला एक जण दगावला. सीमा आणि स्थलांतर खात्याचे तेव्हाचे स्वतंत्र मुख्य निरीक्षक डेव्हिड नील तिथे जाऊन आले आणि खासदारांच्या समितीपुढे त्यांनी सांगितलं की एक अफगाण कुटुंब ३२ दिवस तंबूत राहतं आहे. २४ तासांच्या जागेत ३२ दिवस! ही गोष्ट कुठल्याही रजिस्टरमधून बाहेर आली नसती. पुढे सरकारने काय केलं, तर जानेवारी २०२३ पासून नियमातल्या २४ तासांचे काही ठिकाणी ९६ करून टाकले.

अमेरिकेतलं उदाहरणही घ्या. मे २०१९ मध्ये तिथल्या गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाची माणसं टेक्सासमध्ये एल पासोच्या केंद्रात न सांगता गेली. क्षमता १२५, आत ९०० जण. १२ जणांच्या कोठडीत ७६. श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणून काही जण शौचालयाच्या भांड्यांवर उभे होते. मोजदाद करता आली, कारण येतोय म्हणून आधी फोन केला नव्हता. साहेब येणार म्हटल्यावर आमच्याकडेही खोली कशी झाडूनपुसून तयार व्हायची, पाण्याच्या बाटल्या कशा ओळीत लागायच्या, ते मी पाहिलंय. लावलेल्याही आहेत.

कॅमेऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवा आणि चित्रण दीड वर्ष जपा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांची दखल त्याच न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. आणि चालू कॅमेऱ्यातही सात महिन्यांच्या मुलापुढे ठेवलेलं सँडविच हे 'जेवण दिले' असंच दिसतं.

'अधिकारी असतात ना' हा मुद्दा मात्र काकांसाठी नीट मांडते, कारण ते स्वतः सरकारी नोकरीत होते. खात्याने खात्याची तपासणी करणं वाईट नाही, ती व्हावीच. पण आसामात गोलपाड्याजवळ मतिया इथे परदेशी ठरवलेल्या ३००० माणसांसाठी बांधलेलं केंद्र आहे, तिथे काय झालं ते पाहा. तिथेही अधिकारी होतेच. तरी तिथे पुरेसं पाणी नाही, धड शौचालयं नाहीत, स्वच्छता नाही, हे २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, ते राज्याच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी यंत्रणा) लोकांनी जाऊन अहवाल दिला तेव्हा. नंतर न्यायालयाने त्यांना अचानक भेटी द्यायलाही सांगितलं. आणि ही काही पडकी जागा नव्हती, कोट्यवधी खर्चून बांधलेली इमारत होती.

मग मानवी हक्क आयोग आहे की, असं कुणी म्हणेल. १९९३ च्या कायद्याने आयोगाला पाहणीचा अधिकार दिला आहे, पण कलमाचे शब्द वाचा: राज्य सरकारच्या नियंत्रणाखालचा तुरुंग, किंवा उपचार, सुधारणा वा संरक्षणासाठी माणसं ठेवलेली संस्था. विमानतळावरचा इमिग्रेशन विभाग केंद्राच्या गृहखात्याचा. आणि परत पाठवण्यासाठी बसवून ठेवलेला माणूस उपचाराला नाही, सुधारणेला नाही, संरक्षणाला तर नाहीच. माझ्या वाचनाप्रमाणे ती खोली या शब्दांच्या फटीत पडते. बरं, आयोगाने पाहिलं तरी तो शिफारसच करणार.

'परदेशातली थेरं' वाचून हसू आलं. आपल्या तुरुंगांना अभ्यागत मंडळं आहेत, त्यांत सरकारी नोकरीत नसलेले सभासदही नेमतात. पद्धत इंग्रजांच्या काळातली, पण आपण ती अजून पाळतो, निदान कागदावर. चोरी-मारामारीच्या कैद्याला भेटायला बाहेरचा माणूस जाऊ शकतो, आणि व्हिसाच्या घोळात अडकलेल्याला नाही, हे तर्कात कुठे बसतं?

राहिले 'घुसखोरांचे लाड'. राज्यघटनेचं कलम २१ 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. हावड्याला रेल्वेच्या यात्री निवासात बांगलादेशी स्त्रीवर अत्याचार झाला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हेच सांगून १० लाखांची भरपाई कायम ठेवली. पण घटना बाजूला ठेवू. आत बसलेला माणूस घुसखोर आहे हे ठरवतं कोण, आणि किती घाईत? जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या काही बंगाली मजुरांना सीमेपार ढकललं, आणि ते भारतीयच निघाले म्हणून परत आणावं लागलं. ताब्यात असताना त्यांना कागद दाखवता येतायत का, घरी फोन करता येतोय का, हे विचारणारा एक तरी तिऱ्हाईत तिथे हवा होता. देखरेख म्हणजे कुणाला सोडवणं नव्हे. ब्रिटनमध्ये तुरुंगांवर आणि अशा केंद्रांवर नजर ठेवणारी देखरेख मंडळं आहेत, त्यांच्या सभासदांना एकाही माणसाला सोडायचा अधिकार नाही. ते आत जातात, खोली बघतात, माणसांशी एकांतात बोलतात आणि लिहितात. ज्याला परत पाठवायचं त्याला सरकार परत पाठवतंच.

आणि काका, त्या खोलीत आपलीही माणसं असतात. डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाला निघालेलं, ३०३ प्रवाशांचं, बहुतेक सगळे भारतीय असलेलं विमान फ्रान्समध्ये वात्री विमानतळावर अडवलं होतं. प्रवासी हॉलमध्येच खाटा टाकून त्यांना ठेवलं. फ्रान्समध्ये चार दिवसांपलीकडे असं ठेवायचं तर न्यायाधीशाला विचारावं लागतं, म्हणून २४ तारखेला, रविवारी, न्यायाधीश विमानतळावरच आले आणि तिथेच सुनावण्या झाल्या. २६ च्या पहाटे ते विमान २७६ जणांना घेऊन उतरलं कुठे, तर आपल्या सहारला. तेव्हा ग्रुपवर 'बिचारे' असे मेसेज आले होते, मी शोधून पाहिले.

एक मात्र मान्य करते. बाहेरचा निरीक्षक नेमला की झालं, असंही नाही. त्याच डेव्हिड नील यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये, माहिती परस्पर वर्तमानपत्राला दिली म्हणून, पदावरून काढलं. काढणारं खातं तेच, ज्याची ते तपासणी करत. नेमणूक आणि हकालपट्टी कुणाच्या हातात आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

खर्चाचं म्हणाल, तर ब्रिटनच्या त्या मंडळांतले सभासद पगार घेत नाहीत. आणि मतियाची पाहणी करणारं विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक राज्यात आधीपासून आहे. महाराष्ट्राचं इथेच मुंबईत आहे. फोर्टहून सहार म्हणजे रात्री रस्ता मोकळा असेल तर तासाभराचं अंतर.