पुसाल तितकी पुसट

गाडीच्या मीटरवरची काच अजून धूसर झाली नसेल, तर आधी ती करून घ्या. अवघड काही नाही. खिडक्या उघड्या टाकून बेळगावाहून खानापूरला जाऊन या, डॅशबोर्डवर तांबडी माती आपोआप बसते. ती कोरडीच पुसायची, आणि काल ज्या फडक्यानं बॉनेट पुसलं त्याच फडक्यानं. पाणी नको, फुंकरसुद्धा नको. वाळूच्या कणाचा कडकपणा मोह्सच्या मोजपट्टीवर ७, आणि आपण जिला काच म्हणतो ते असतं ॲक्रिलिक नाहीतर पॉलिकार्बोनेट, म्हणजे साधं प्लॅस्टिक, त्याच्या निम्म्यानंही कडक नाही. त्यामुळं निकालाची काळजी नसावी. सकाळी चोर्ला घाटाकडं निघालात की पाठीमागून ऊन थेट मीटरवर पडतं, आणि वर्षभराची तुमची सेवा गोल गोल चऱ्यांनी चमकून उठते.

जोर लावून घासलंत तर आणखी एक गंमत. प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि कधी कधी आतला काटा तिच्या ओढीनं हलतो. गाडी दारात उभी, वेग २०. पेट्रोल न जाळता रेल्वे गेट ओलांडल्याचं समाधान मिळतं, तेही गेट न पडता.

मग वळायचं बाटल्यांकडं. घरातल्या आरशाला जो निळा फवारा चालतो तो इथंही मारा. त्यात अमोनिया असेल तर फारच उत्तम. थिनर असेल तर काम एका हातात होतं. माझी स्वतःची पसंती मात्र सॅनिटायझरला. २०२० मध्ये घरात पाच लिटरचा कॅन आला होता. हात धुऊन उरलेला मी मीटरवर ओतला, शिवाय कापूस घेऊन मायेनं चोळला. अल्कोहोल आणि ॲक्रिलिक यांचं जमत नाही हे मला कोण सांगणार? आठवड्याभरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या. मी त्यांना डिझाइन समजत होतो.

उद्यमबागेत मशिन शॉपमध्ये आयुष्य काढलेले एक मामा आहेत. त्यांनी वाकून बघितलं.

“काय करालास रे हे? काच नव्हे ती. मीटर काढून आण, वरचं झाकण सोडवू, वॉटर पेपर मारू.”

आता यांचं ऐकू नका, फार वेळखाऊ माणूस. म्हणे आधी बॅटरीची वायर काढ, झाकणाच्या क्लिपा सावकाश सोडव, काट्याला बोट लावू नकोस. मग १००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे बारीक सँडपेपर, पाण्यात भिजवून आडवा, १५०० चा उभा, पुन्हा २००० आडवा, शेवटी ३०००. आधीच्या पेपरचे चरे गेल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही. नंतर पॉलिशिंग कंपाउंड आणि मऊ मायक्रोफायबर. एवढा धीर कुणाला असतो? सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल झालेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याच्या तारखेची आपण वीस वर्षांहून जास्त वाट बघू शकतो. १५०० नंबरचा पेपर पाच मिनिटं फिरवणं आपल्याच्यानं होत नाही.

शिवाय पेपर मारल्यावर प्लॅस्टिक दुधासारखं पांढरं होतं. जाणकार म्हणतात, घाबरू नका, कंपाउंडनं ते परत निवळतं. तुम्ही मात्र नेमकं तिथंच घाबरा आणि थांबा. झाकण तसंच बसवलं, की पेट्रोलचा काटा खाली गेल्याचा ताप कायमचा मिटतो.

मी मधला मार्ग काढला. मीटर काढलंच नाही. बोटावर टूथपेस्ट घेतली आणि जागेवरच घासली. पेस्टमध्ये बारीक खर असते, वरवरच्या चऱ्यांना ती थोडीफार लागूही पडते. पण बोट एका जागी दाबलं की तिथंच खळगा पडतो. पाऊण तासानं हात भरून आला, पुदिन्याचा वास सुटला आणि रुपयाच्या नाण्याएवढी जागा लख्ख झाली. नेमकी ६० ते ८० च्या वर. पुणे-बेंगळुरू हायवेवर त्यामुळं आमचं काही अडत नाही.

चोर्ला घाटात मात्र मी शेजारी बसलेल्या बायकोला वेग विचारतो. ती म्हणते, “जास्त आहे.”